या आठवड्याला छाया

"मंडळानं नेमकं काय सांगितलंय?" छायाने विचारलं.

बालवाडीच्या पायरीवर बसून ती एका मुलाचं नाक पुसत होती. मी गळ्यात कॅमेरा अडकवून समोर उभा होतो आणि खोलीवरून पाठ करून आणलेलं वाक्य विसरलो होतो. म्हणून मग जे कानावर आलं होतं तेच शब्दाला शब्द सांगितलं.

"या आठवड्याला छाया."

तिचा हात मुलाच्या नाकावरच थांबला.

"असं आण्णांनी सांगितलं?"

"फळ्यावर लिहिलंय म्हणे. रविवारी माझी ड्यूटी होती. नेताजीनं वाचून सांगितलं."

"म्हणजे तुम्ही स्वतः नाही वाचलं."

"नाही. पण नेताजीला वाचता येतं."

ती पदर तोंडाशी धरून खोकायला लागली. गळीत हंगाम चालू होता, कारखान्याच्या चिमणीची काजळी दिवसभर वसाहतीवर पडत असे आणि खोकल्याचं कोणाला काही वाटत नसे. पाणी आणू का, असं मी विचारलं. तिने मानेनेच नको म्हटलं.

"बरं, काढा माझा फोटो," थोड्या वेळाने ती म्हणाली. "पण एक प्रत मला द्यायची. सांगलीचं स्थळ आलंय, त्यांना पाठवायला हवी. आण्णा म्हणत होते, इस्लामपूरला स्टुडिओत जाऊ. मी म्हणते स्टुडिओ कशाला? तुम्ही आहात की."

शेवटच्या तीन शब्दांनी मी हवेत गेलो आणि त्याच्या आधीच्या वाक्यांनी जमिनीवर आपटलो. कारण मला छाया मगदूम आवडत होती. सगळी वसाहत तिला बाई म्हणे, म्हणून मीही बाई म्हणत असे. बरोबरीच्या मुलीला आमच्याकडे ताई म्हणायची पद्धत होती, पण ते मी मोठ्या शिताफीने टाळलं होतं. दीड वर्षात माझ्या प्रेमाची प्रगती एवढीच होती.

पंचाऐंशी सालची ही गोष्ट. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात मी केमिस्ट होतो. छायाचे वडील आण्णा मगदूम ऊस विभागाचे प्रमुख आणि आमच्या छंद मंडळाचे संस्थापक. मंडळ फोटोग्राफीचं. दर रविवारी कॅन्टीनच्या फळ्यावर एक विषय लागायचा आणि पुढच्या रविवारी प्रत्येकाने त्या विषयाचा एकच फोटो दोरीला चिमट्याने लावायचा. आण्णा चष्मा कपाळावर चढवून दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि प्रत्येक फोटोसमोर 'पास' किंवा 'नापास' म्हणत. तिसरा शब्द त्यांच्यापाशी नव्हता. सहा दिवस नुसतं बघा आणि सातव्या दिवशी बटण दाबा, असा त्यांचा उपदेश असे. आठवड्याला एक विषय घेतला की वर्षभरात माणूस तयार होतो, असं ते म्हणत. ते स्वतः मात्र फक्त ऊस, पूल आणि ढग यांचे फोटो काढत. माणूस हलतो, अशी त्यांची माणसाबद्दल तक्रार होती.

मी तयार व्हायचं काही लक्षण दिसत नव्हतं. माझा कॅमेरा दाजींकडून आलेला. त्याची बघायची खिडकी वर आणि भिंग खाली होतं, त्यामुळे डोळ्याला जे दिसे त्यापेक्षा फोटोत सगळं खालचं येई आणि वरचं जाई. वरचं म्हणजे बहुतेक वेळा डोकं. कारखान्याच्या अध्यक्षांच्या सत्काराचा फोटो मी काढला होता. त्यात शाल आली, श्रीफळ आलं, हार आला. अध्यक्ष मात्र गळ्यापर्यंतच आले. तेव्हापासून मला वसाहतीत मुंडकाप्या म्हणू लागले. ज्या घरात कांदासुद्धा चिरला जात नाही अशा घरातला मी, आणि हे नाव घेऊन हिंडत होतो.

त्या महिन्यात आण्णांनी माणसं घेतली होती. पहिल्या आठवड्याला फाटकावरचे धोंडीबा, दुसऱ्याला कॅन्टीनचे मामा. मामांच्या फोटोत माझ्याकडून फक्त झारा आणि पोट आलं होतं. त्यामुळे तिसऱ्या आठवड्याला बालवाडीच्या बाई, हे मला अगदी सरळ वाटलं. बापाने स्वतःच्या मुलीचं नाव फळ्यावर कसं लिहिलं, हा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला पडला असता. मला तो पडला नाही, कारण मला ते नाव फारच आवडलं होतं.

आता पेच असा होता की फोटो चांगला आला तर ती सांगलीला जाणार आणि वाईट आला तर तिने एवढ्या विश्वासाने सांगितलेलं काम मी बिघडवलं असं होणार. माझ्या खोलीत राहणाऱ्या नेताजीला मी हे सांगितलं. नेताजी इलेक्ट्रिक विभागात होता आणि कुठल्याही गोष्टीचा फ्यूज लगेच शोधत असे.

"मग सोपं हाय की," तो म्हणाला. "नेहमीसारखा काढ. मुंडकंच नाही म्हटल्यावर पसंत कोण करतंय?"

मला ते पटलं नाही. असलं काही करायचं असतं तर मी आधीच चांगला फोटोग्राफर असतो आणि मुद्दाम वाईट काढला असता. मी वाईटच होतो, आणि मला एकदा तरी तिच्यासाठी चांगलं व्हायचं होतं. मग ती कुठेही जावो.

त्या आठवड्यात मी दीड वर्षात शिकलो नव्हतो तेवढं शिकलो. नेताजीला रोज सकाळी खोलीमागच्या भिंतीला टेकवून उभा करायचा, त्याच्या डोक्यावर एक वीट ठेवायची आणि खिडकीतून वीट पूर्ण दिसेल असा कॅमेरा धरायचा. वीट दिसली की डोकं वाचतं, हे मला कळलं. नेताजीची मान आखडली, पण त्याचं डोकं पहिल्यांदाच फोटोत आलं. तो फोटो त्याने गावाकडे आईला पाठवला.

आणि आण्णांनी सांगितलं होतं तसं मी सहा दिवस नुसतं बघितलं. कामावर जाताना, कामावरून येताना, आणि मधल्या वेळी काही काम नसताना. छाया मुलं मोजते तेव्हा बोट हवेत धरते आणि ओठ हलवते, पण आवाज करत नाही, हे मी बघितलं. तिचं हसू डाव्या बाजूने सुरू होतं आणि उजवी बाजू जरा मागून येते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला बालवाडीच्या भिंतीवर असं ऊन येतं की तिथला चुना पिवळाधमक दिसतो. हे सगळं मला आधीपासून माहीत असायला हवं होतं असं मला वाटलं आणि उगाचच वाईट वाटलं. ज्या मुलीला सहा दिवसांत इतकं ओळखलं ती महिन्याभरात परक्या घरी जाणार होती.

शनिवारी पाच वाजता ती आली ती भयंकर अवतारात. केसांना तेल चोपडून ते डोक्याला चिकटवलेले, अंगावर आईची जुनी, शेवाळी रंगाची साडी, आणि चेहऱ्यावर कवायतीला उभं राहिल्यासारखा भाव. बिचारी घाबरलीय, असं मला वाटलं. मी तिला भिंतीपाशी उभं केलं आणि आण्णांच्या शिकवणीप्रमाणे सूर्य पाठीशी घेतला. मी बटणावर बोट ठेवलं की ती डोळे मिटे. डोळे उघडे असले की ती ओठ मुडपून घेई.

"बाई, जरा डावीकडे सरकता?"

तिने खाली आपल्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मी इथंच बरी आहे."

मी मनातल्या मनात तिच्या डोक्यावर वीट ठेवली. वीट दिसली. पण खाली असं तोंड असेल तर डोकं वाचवून उपयोग काय, हेही मला दिसत होतं.

"बाई, मुलं मोजा."

"मुलं घरी गेलीत."

"तरी मोजा."

माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत तिने बोट वर केलं, रिकाम्या अंगणावरून फिरवलं, ओठ हलवले. चार-पाच मुलं मोजून झाल्यावर आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं आणि हसू डाव्या बाजूने सुरू झालं. उजवी बाजू येईपर्यंत मी थांबलो आणि मग बटण दाबलं.

फोटो मी प्रयोगशाळेमागच्या अंधाऱ्या कोठीत धुतला. कागदावर आधी बोट उमटलं, मग साडी, आणि मग डोकं. अख्खं डोकं, वर दोन बोटं जागा सोडून. मी त्या डोक्याकडेच बघत बसलो. दीड वर्ष माझं सगळं लक्ष माणसाच्या वरच्या टोकाला लागलेलं होतं, खालच्या टोकाला काय आहे हे बघायचं मला सुचलंच नाही.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचून फोटो दोरीला लावला. मग बाकीचे आले आणि त्यांनी आपापले फोटो लावले. एकाने चिमणीची लांबलचक सावली लावली. दुसऱ्याने सायकलच्या चाकाची. तिसऱ्याने कडुनिंबाच्या सावलीत बसलेला बैल. यांनी असं काय केलं म्हणून मी फळ्याकडे बघितलं. एरवी आम्ही यायच्या आधी नवा विषय लागलेला असे, पण त्या दिवशी जुनाच होता. 'छाया' असं मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात, 'ऊन असेल तेव्हाच काढावी.'

नेताजीने खालची ओळ वाचली नव्हती.

फोटो काढून घ्यावा म्हणून मी हात उचलला तोवर आण्णा आले. ते चिमणीला पास म्हणाले, चाकाला नापास म्हणाले, बैलाला पास म्हणाले, आणि माझ्या फोटोसमोर येऊन थांबले. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. स्वतःची मुलगी अशी हसताना बहुधा त्यांनी पुष्कळ दिवसांत बघितली नव्हती.

"चौगुले," ते म्हणाले, "ह्यात छाया कुठं आहे?"

ह्या प्रश्नाला काय उत्तर देणार? फोटोत छायाच होती, दुसरं काही नव्हतं. मंडळातून तर मी जाणार होतोच, पण विषयाच्या नावाखाली आण्णांच्या मुलीला उभी करून तिचा फोटो काढणारा म्हणून वसाहतीतूनही जाणार होतो.

"आण्णा, खाली बघा की," मागून आवाज आला.

छाया हातात खडू घेऊन दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने फोटोच्या तळाशी बोट ठेवलं. आम्ही सगळे वाकलो. तिथे, तिच्या पायांशी, एक लांब सावली होती. दोन कोपर बाहेर आलेले, मध्ये डोकं. जमिनीवरून येऊन ती तिच्या साडीच्या काठावर चढली होती आणि गुडघ्यापाशी थांबली होती. मी खिडकीतून बघितलं तेव्हा ती दिसली नव्हती, पण माझ्या कॅमेऱ्यात खालचं सगळं यायचंच.

"ही कुणाची?" आण्णांनी विचारलं.

"काढणाऱ्याची," ती म्हणाली. "विषय छायाच होता ना?"

आण्णांनी पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले, "पास." आयुष्यातला माझा पहिला पास. आणि लगेच, माझ्या पाठीवर थाप मारून, खुशीत म्हणाले की स्टुडिओत जायचं कामच उरलं नाही, हाच फोटो सांगलीला जाईल.

मी छायाकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम उतरला होता. फळ्यावर नवा विषय लिहून ती बाहेर पडली, तसा मी तिच्या मागे गेलो. कॅन्टीनमागच्या नळावर ती हाताचा खडू धूत होती.

"फळा मीच लिहिते, चौगुलेसाहेब," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "दर रविवारी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुम्ही पायरीवर आलात तेव्हाच. म्हटलं, देवच पावला. मला सांगलीला जायचं नाही. दोन स्थळांना नको म्हटलंय, तिसऱ्याला आण्णा कारण विचारतील. मग वाटलं, त्यांच्याकडूनच नकार येऊ दे. अख्ख्या कारखान्यात तुमच्याइतका वाईट फोटो कोण काढतं का? म्हणून तुम्हाला निवडलं. तेल लावून आले, आईची साडी नेसून आले, डोळे मिटले. आणि तुम्हाला नेमकं त्याच दिवशी शहाणपण सुचलं."

'तुम्ही आहात की' या तीन शब्दांचा अर्थ मला आठवड्यानंतर असा कळला. खरं म्हणजे मला राग यायला हवा होता, पण मला एवढंच ऐकू आलं होतं की तिला सांगलीला जायचं नाही.

"मग आत गप्प बसायचं होतं," मी म्हणालो. "नापास झाला असता तर आण्णांनी तो पाठवलाच नसता."

तिने नळ बंद केला.

"तुमचं तोंड बघवेना," ती म्हणाली आणि निघून गेली.

फळ्यावर तिने लिहिलेला पुढचा विषय होता 'वाट'. मंडळातल्या बाकीच्यांनी रस्त्यांचे आणि पायवाटांचे फोटो काढले असतील. मी आठवडाभर कॅमेऱ्याला हातच लावला नाही, नुसती बघितली.

शनिवारी दुपारी आण्णा प्रयोगशाळेत आले. पहिल्यांदाच. हातात तोच फोटो होता. रसाच्या नळकांड्यांकडे, माझ्या तराजूकडे, खिडकीकडे त्यांनी उगाचच बघून घेतलं आणि मग फोटो माझ्यासमोर ठेवला. सांगलीहून मध्यस्थ आला होता, घरी बसून चहा घेत होता. मुलगी सगळ्यांना पसंत होती. फक्त मुलाच्या आजोबांनी भिंग लावून फोटो बघितला होता आणि विचारलं होतं, की मुलीच्या पायाशी ही पुरुषाची सावली कोणाची?

"छायाला विचारलं," आण्णा म्हणाले. "तर म्हणती, ज्याची सावली आहे त्याला विचारा. आता तूच चल आणि त्या माणसाला सांग, नवशिक्या आहे, चूक झाली. एवढं सांगितलं की मिटलं."

एवढं सांगितलं की खरंच मिटणार होतं. आणि ते खोटंही नव्हतं. मी त्या फोटोकडे बघितलं. छाया हवेत बोट धरून नसलेली मुलं मोजत होती आणि मी तिच्या पायाशी पसरलो होतो.

"आण्णा, चूक कशी म्हणू? तुम्हीच ती पास केलीत."

"अरे, ते मंडळात."

"माझा एकच फोटो तुम्ही पास केलाय. तोही चूक म्हटलं तर माझ्याकडं उरतं काय?"

आण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोटोकडे बघायचे तसे ते माझ्याकडे बघू लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"म्हणजे सावली मुद्दाम पाडलीस?"

"पडली तेव्हा मुद्दाम नव्हती," मी म्हणालो. "आता आहे."

बाहेर उसाच्या गाड्यांचा गोंगाट चालला होता. आण्णा खुर्चीवर बसले. छायाला हे माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही, पण तिने मला विचारायला सांगितलंय. मग त्यांनी फोटो उचलला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि उठले.

"चहा निवत असेल त्याचा," ते म्हणाले. "जातो. सांगतो त्याला, सावली घरातल्याच माणसाची आहे."

दारापर्यंत जाऊन ते वळले आणि माझा कॅमेरा कुठल्या बनावटीचा आहे ते विचारून गेले.

वैशाखात आमचं लग्न झालं. कारखान्याचा हंगाम संपलेला, त्यामुळे झाडून सगळी वसाहत आली. मी नवरदेव असल्यामुळे फोटो काढायचं काम नेताजीने हौसेने अंगावर घेतलं, तेही माझ्याच कॅमेऱ्याने. विटेची गोष्ट त्याला सांगायची माझ्या लक्षात राहिली नाही. वास्तविक आठवडाभर वीट त्याच्याच डोक्यावर होती, पण ती कशासाठी ते त्याने कधी विचारलं नव्हतं. आमच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत हार आहेत, अक्षता आहेत, मुंडावळ्यांची टोकं आहेत, आणि एकाही माणसाला डोकं नाही. आण्णांनी ते सगळे दोरीवर लावले होते आणि सगळे नापास केले.

म्हणून दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोच्या जागी अजूनही तोच आहे, बोट हवेत धरलेला. येणारे-जाणारे म्हणतात, वहिनी छान आल्यात, पण तुमचा नाही का एखादा? मी पायाशी दाखवतो.

मध्ये एकदा तो पुसायला काढला होता. मी सहज म्हणालो की त्या दिवशी मला खिडकीतून सावली दिसलीच नाही, नाहीतर मी तुला सरकवली असती. छाया काच पुसत होती. तिचं हसू डाव्या बाजूने सुरू झालं.

"मला दिसत होती की," ती म्हणाली. "पायावर आली होती. सरकायला जागाही होती."